दीड, अडीच, साडेतीन आणि एकदम नऊ

बाळंतपणानंतर घरी येताना पिशवीत जे माता व बालसंरक्षण कार्ड असतं, त्यातल्या लसीकरणाच्या पानावरचे आकडे जरा विचित्रच आहेत. जन्मल्याबरोबर तीन लशी. मग दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने. त्यानंतर बाळ पालथं पडतं, बसतं, रांगायला लागतं, तोवर काहीच नाही आणि एकदम नववा महिना. पुढे सोळा ते चोवीस महिने, पाच वर्षं, दहा वर्षं, सोळा वर्षं. दर महिन्याला एक असं सरळ का नाही? सगळ्या सुया एकदाच टोचून मोकळं का होता येत नाही? सहावा महिना रिकामा का? हे सहसा कुणी विचारत नाही. आशाताई म्हणते “बुधवारी अंगणवाडीत या”, की बुधवारी जायचं.

मला हे पान वाचायला फार आवडतं. जंतू कधी गाठतो, बाळाच्या शरीराला शिकायला किती वेळ लागतो आणि आईच्या रक्तातून आलेलं संरक्षण कधी संपतं, या तिघांची सांगड घालून त्यातली एकेक तारीख ठरली आहे. तिघांचं एकमेकांशी पटत नाही, म्हणून आकडे असे वेडेवाकडे.

पहिल्या दिवसाची घाई तर तासांत मोजायची आहे. कावीळ ब, म्हणजे हिपॅटायटिस बी, आईला असेल तर तिचा विषाणू बहुधा बाळंतपणातच बाळात शिरतो. धडधाकट मोठ्या माणसाला ही लागण झाली तर शंभरातले ९५ हून अधिक जण तिच्यातून बाहेर पडतात. नवजात बाळाच्या बाबतीत हिशेब जवळजवळ उलटा होतो. लागण झालेल्या सुमारे ९० टक्के बाळांच्या यकृतात विषाणू कायमचा ठाण मांडतो आणि पुढे ऐन उमेदीत सिऱ्होसिस किंवा कॅन्सर होऊन समोर येऊ शकतो. गंमत अशी की विषाणू आत शिरल्यानंतर टोचूनही लस त्याला गाठते, कारण तो यकृतात बस्तान बसवायला वेळ घेतो आणि लस त्या मानाने चपळ आहे. मात्र ती चोवीस तासांच्या आत टोचायला हवी. सरकारी कार्यक्रमात हा जन्माचा डोस चोवीस तास उलटल्यावर देतच नाहीत, ते यासाठी.

त्याच दिवशी डाव्या दंडावर बीसीजी. क्षयाविरुद्धची ही लस फ्रान्समधल्या लील शहरात तयार झाली. आल्बेर काल्मेत आणि कामीय गेरँ यांनी १९०८ साली गाईच्या क्षयाचे जंतू बटाट्याच्या कापांवर वाढवायला घेतले. काप पित्त आणि ग्लिसरीन यांत शिजवलेले असत. दर तीन आठवड्यांनी जंतू उचलून नव्या कापावर ठेवायचे, एवढंच काम. मध्ये पहिलं महायुद्ध आलं, लील जर्मनांच्या ताब्यात गेलं, बटाटेसुद्धा महागले. तरी काप बदलणं थांबलं नाही. तेरा वर्षांत २३० वेळा. तोवर जंतू जिवंत होता, पण रोग करायचं विसरला होता. १९२१ साली पॅरिसमध्ये तो पहिल्यांदा एका बाळाला दिला गेला, तोही तोंडावाटे. आज बाळाच्या दंडावर ०.०५ मिली टोचतात. काही आठवड्यांनी तिथे पुळी येते, कधी थोडा पू होतो, आपोआप सुकतं आणि खूण उरते. मधल्या काळात घरातलं कुणी ना कुणी हळद किंवा मलम घेऊन धावतंच. काही लावायचं नसतं.

आता कार्डावरच्या सगळ्यात जुन्या ओळीकडे येऊ. ती बाळाच्या जन्माआधीची आहे: गरोदरपणात आईला दिलेलं धनुर्वाताचं इंजेक्शन. टोचतात आईला, पण ते राखतं बाळालाही. वारेच्या पेशी आईच्या रक्तातल्या आयजीजी जातीच्या अँटिबॉडी पकडून पलीकडे, बाळाच्या रक्तात नेऊन सोडतात. हे नुसतं झिरपणं नव्हे. पूर्ण दिवसांचं बाळ जन्मतं तेव्हा या अँटिबॉडी त्याच्या रक्तात आईपेक्षाही जास्त सापडतात! यातली बहुतेक वाहतूक शेवटच्या काही आठवड्यांत होते, म्हणून अपुऱ्या दिवसांच्या बाळाला हा वाटा कमी मिळतो. अस्वच्छ पात्याने नाळ कापल्यामुळे होणारा बाळाचा धनुर्वात एके काळी गावोगाव होता. २०१५ साली आई आणि नवजात बाळ यांच्या धनुर्वाताचं भारतातून उच्चाटन झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलं. त्यात स्वच्छ बाळंतपणांइतकाच या वारेचा हात आहे.

पण आईकडून आलेलं हेच देणं गोवराच्या लशीला आडवं येतं.

गोवर-रुबेलाच्या लशीत जिवंत, पण दुबळे केलेले विषाणू असतात. ते बाळाच्या शरीरात थोडेफार वाढले, तरच शरीराला त्यांची ओळख पटते. आईच्या अँटिबॉडी रक्तात फिरत असतील तर त्या लशीतल्या विषाणूला वाढूच देत नाहीत. सुई टोचली, बाळ रडलं, कार्डावर तारीख पडली, आणि शरीर काहीच शिकलं नाही. आईच्या अँटिबॉडी साधारण दर महिना-दीड महिन्याला निम्म्यावर येत जातात. त्यातून एक मोठी पंचाईत उभी राहते. एक वेळ अशी येते की उरलेल्या अँटिबॉडी खऱ्या, जोमदार गोवराला थोपवायला पुरत नाहीत, पण दुबळ्या लशीला निकामी करायला पुरतात. साधारण सहाव्या महिन्यानंतरचा हा काळ, आणि तो प्रत्येक बाळात वेगळा. ज्या आईला लहानपणी खरा गोवर झाला होता तिच्या बाळात अँटिबॉडी जास्त दिवस टिकतात. जिला लसच मिळाली होती तिच्या बाळात लवकर संपतात. अमुक बाळाचा दिवस कोणता हे त्याच्या चेहऱ्यावरून कळायची सोय नाही.

म्हणून सगळ्या बाळांसाठी मिळून एक तारीख काढावी लागते, आणि तिथे दोन देशांची उत्तरं वेगळी निघतात. नवव्या महिन्यात टोचलं तर शंभरातल्या साधारण ८५ बाळांत लस लागू पडते. बाराव्या महिन्यात टोचलं तर साधारण ९५. मग थांबावं की! अमेरिकेत थांबतात, तिथे पहिला डोस बारा ते पंधरा महिन्यांच्या दरम्यान देतात. आपल्याकडे गोवर गल्लीत फिरत असतो, आणि मधल्या तीन महिन्यांत तो ज्या बाळांना गाठेल त्यांची किंमत त्या जादा दहा बाळांच्या फायद्यापेक्षा भारी पडते. तेव्हा आपण नऊ घेतले आणि राहून गेलेल्या पंधरांसाठी सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा डोस ठेवला. या दुसऱ्या डोसाला लोक सर्रास ‘बूस्टर’ म्हणतात आणि म्हणूनच तो टाळतातही, “पहिला झालाय ना!” म्हणत. तो मुख्यतः पहिल्या वेळी ज्यांच्यात लस लागलीच नाही त्यांच्यासाठी आहे, आणि आपलं मूल त्यांत आहे की नाही हे कुणालाच ठाऊक नसतं.

ही तारीख दगडावर कोरलेली नाही, हे २०२२ साली मुंबईने पाहिलं. गोवंडीच्या दाट वस्तीत गोवर पसरला, पुढे भिवंडी आणि मालेगावातही. मुलं दगावली. तेव्हा केंद्राने सूचना काढली: जिथे गोवराच्या एकूण रुग्णांत नऊ महिन्यांखालच्या बाळांचं प्रमाण १० टक्क्यांहून जास्त आहे, तिथे सहा महिने पुरे झालेल्या बाळांनाही एक डोस द्या. तो हिशेबात मात्र धरायचा नाही. नेहमीचे दोन वेळेवर घ्यायचेच. आणि अगदी हाच नियम अमेरिकेतही आहे, परदेशी जाणाऱ्या बाळांसाठी. न्यू जर्सीतून सात महिन्यांचं बाळ घेऊन आजीआजोबांकडे पुण्याला निघालेल्या आईबापांना तिथला डॉक्टर सांगतो की एक जादा डोस घेऊन जा, पण परत आल्यावर पहिल्या वाढदिवसानंतरचे दोन घ्यायचे आहेतच. गोवंडीच्या बाळाकडे गोवर चालून आला होता, न्यू जर्सीचं बाळ गोवराकडे चाललं आहे. उत्तर एकच.

एवढा आटापिटा गोवरासाठीच का, असं वाटेल. पुरळ, ताप, आठवड्याभरात बरा. आपल्या आधीच्या पिढीत तो जवळजवळ प्रत्येकाला होऊन गेलेला असायचा. एक तर तो भयंकर पसरतो: कुणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या वस्तीत एक रुग्ण बारा ते अठरा जणांना लागण करतो. दुसरी गोष्ट मला अजूनही अंगावर काटा आणते. लस न घेतलेल्या डच मुलांच्या रक्ताचे गोवरापूर्वीचे आणि नंतरचे नमुने संशोधकांनी तपासले, आणि २०१९ साली निष्कर्ष छापले. गोवर झालेल्या मुलांच्या रक्तातून इतर जंतूंविरुद्धच्या अँटिबॉडी नाहीशा झाल्या होत्या, कुणाच्या ११ टक्के, कुणाच्या तब्बल ७३ टक्के. म्हणजे शरीराने तोवर जे जे आजार ओळखायला शिकून ठेवलं होतं, त्यातलं बरंचसं गोवराने पुसलं. गोवर उतरल्यावर न्युमोनियाने किंवा जुलाबाने मुलं का जातात, याचं बरंचसं उत्तर त्यात आहे.

आता दीड, अडीच, साडेतीन. इथे जिवंत विषाणूचा प्रश्न फारसा नाही. प्रश्न अंतराचा आहे. पेंटाव्हॅलंटची सुई डाव्या मांडीत बसते. एका सुईत पाच रोगांची ओळख: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब नावाचा, मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा जंतू. रात्री बाळ तापतं, किरकिरतं, मांडी कडक लागते. ते आपल्याला दिसतं. खरा उद्योग जांघेतल्या लसिकाग्रंथींत चाललेला असतो आणि तो पुढे काही आठवडे चालतो.

तिथे बी पेशी गोळा होतात. प्रत्येकीच्या अंगावर वेगळ्या घडणीची अँटिबॉडी असते आणि लशीतल्या द्रव्याला ती कमीअधिक घट्ट चिकटते. ज्यांची थोडीफार जुळते त्या झपाट्याने दुप्पट-चौपट होऊ लागतात, आणि होताना आपल्या अँटिबॉडीच्या जनुकात बदल करत जातात. शरीराच्या इतर पेशी जनुकांची नक्कल करताना जेवढ्या चुका करतात, त्याच्या सुमारे दहा लाख पट वेगाने, आणि नेमक्या याच जनुकात! बहुतेक बदल कुचकामी ठरतात आणि त्या पेशी मरतात. एखादा बदल अँटिबॉडी अधिक घट्ट चिकटवतो. ती पेशी टिकते, पुन्हा वाढते, पुन्हा बदलते. शेतकरी दर हंगामात भरलेली कणसं निवडून बियाण्याला ठेवतो, तशी ही निवड, फक्त इथे हंगाम काही तासांचा आहे. डार्विनने लाखो वर्षांच्या पटावर जे सांगितलं ते दीड महिन्याच्या बाळाच्या जांघेत पंधरवड्यात घडतं, आणि आई तेव्हा त्याला मांडीवर थोपटत असते.

ही निवड सुरू असताना, समजा आठ दिवसांतच, दुसरा डोस टोचला तर? चिकटायला द्रव्य मुबलक होतं, मग अर्धवट जुळणाऱ्या पेशीही तगून जातात. शिवाय आधी तयार झालेल्या अँटिबॉडी नव्या डोसातलं बरंच द्रव्य आपणच उचलून नेतात. म्हणून दोन डोसांत किमान चार आठवडे. दीड आणि अडीच, अडीच आणि साडेतीन यांत नेमकं तेवढंच अंतर आहे. पण याहून जास्त अंतर शरीराला खरं म्हणजे अधिक आवडतं. अमेरिकेत हेच डोस दोन, चार आणि सहा महिन्यांना देतात; इंग्लंडात अंतर आपल्याएवढंच, पण सुरुवात उशिरा, आठ, बारा आणि सोळा आठवड्यांना. आपण घाई करतो ती डांग्या खोकल्यामुळे. तो सगळ्यात लहान बाळांनाच मारतो, खोकल्याच्या उबळीत श्वासच थांबतो. दीड महिन्याच्या आधी शरीर नीट शिकत नाही, आणि दीड महिन्याच्या पुढे थांबणं परवडत नाही.

उशीर झाला तर काय, हे मात्र जन्माच्या डोसासारखं नाही. बाळ आजारी होतं, माहेरी होतं, ऊसतोडीच्या फडावर होतं, अडीचचा डोस चार महिन्यांवर गेला. पुष्कळ घरांत समज असतो की आता सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागेल, आणि त्या धास्तीने कार्ड ट्रंकेत जातं. तसं नाही. निवडून ठेवलेल्या स्मृतिपेशी कुठे जात नाहीत. जिथे थांबलं होतं तिथून पुढचा डोस द्यायचा. उशिराने वाया जातो तो मधला काळ, ज्यात बाळ उघडं राहतं.

वेळेचं हे गणित लशीइतकंच जुनं आहे, आणि भारतात ते मुंबईत सुरू झालं. जेन्नरची देवीची लस युरोपातून हिंदुस्थानात आणण्याचे पहिले प्रयत्न फसले, कारण समुद्रप्रवासात ती निकामी व्हायची. शेवटी व्हिएन्ना, इस्तंबूल, बगदाद, बसरा असा टप्प्याटप्प्याचा प्रवास झाला आणि १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती लागू पडली. तिच्या हातावरच्या फोडातलं पाणी काढून पुढच्या मुलांना टोचलं, त्यांच्यापासून आणखी पुढच्यांना, आणि पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास असा फैलाव झाला. फ्रिज नव्हता, लस जिवंत ठेवायची जागा म्हणजे मुलांचे हात. फोड आठवडाभरात भरतो आणि पुढच्या दोन-चार दिवसांत सुकायला लागतो. तेवढ्यात पुढचं मूल तयार नसेल तर साखळी तुटली. पुढच्याच वर्षी स्पेनने दक्षिण अमेरिकेला लस पाठवली तेव्हा जहाजावर २२ अनाथ मुलगे चढवले होते, दोघादोघांना पाळीपाळीने टोचत अटलांटिक ओलांडायला. त्या मुलांना कुणी विचारलं नसणार.

मुलांच्या हातांची जागा आता शीतसाखळीने घेतली आहे. लस दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये हवी, हे सगळ्यांना माहीत असतं, आणि गरमीने ती बिघडेल अशी काळजी असते. पण पेंटाव्हॅलंटसारख्या लशीला गोठण्याची भीती जास्त. तिच्यात तुरटीच्या जातीचं ॲल्युमिनियमचं संयुग असतं. ते एकदा गोठलं की त्याचे कण गोळा होतात आणि वितळल्यावरही सुटे होत नाहीत. म्हणून सत्राच्या दिवशी सकाळी उपकेंद्रात आइसपॅक डीप फ्रीजरमधून काढून तडक लशीच्या डब्यात ठेवत नाहीत. ते टेबलावर मांडतात, त्यांना घाम येऊ देतात, मग सिस्टर एकेक उचलून कानाशी धरून हलवते. आत पाणी खळखळलं तरच तो डब्यात जातो.

आणि बाटलीवर पाहा. एक जांभळट वर्तुळ, त्यात फिकट चौकोन. चौकोनातलं रसायन उष्णतेने हळूहळू गडद होतं आणि पुन्हा कधीच फिकं होत नाही. कारखान्यापासून पाड्यापर्यंत बाटलीने जेवढी गरमी सोसली, तिची बेरीज तिथे होत राहते. चौकोन वर्तुळाइतका गडद झाला की बाटली बाद. वाचता न येणाऱ्या आजीलाही हे तपासता येतं, आणि तिने तसं तपासायला मागितलं तर कुठलीही चांगली सिस्टर बाटली पुढे करते.

हे सगळं जुळून आल्यावर नववा महिना उजाडतो. उजव्या दंडावर गोवर-रुबेला, मांडीत न्युमोनिया आणणाऱ्या न्युमोकॉकसविरुद्धच्या लशीचा शेवटचा डोस, तोंडात जीवनसत्त्व अ, आणि जानेवारी २०२३ पासून डाव्या दंडावर पोलिओची आणखी एक लहानशी सुई. “सिस्टर, एकाच दिवशी एवढं?” हा प्रश्न ठरलेला. बाळ रांगताना फरशीवरचं जे तोंडात घालतं, त्यात याहून कितीतरी जास्त अनोळखी द्रव्यं असतात.

त्या पोलिओच्या सुईत फक्त ०.१ मिली असते, पूर्ण डोसाचा पाचवा हिस्सा. २०१६ साली जगभर या लशीचा तुटवडा होता, तेव्हा भारताने ती स्नायूऐवजी कातडीत द्यायला सुरुवात केली. कातडीत परक्या द्रव्याची वर्दी लसिकाग्रंथींपर्यंत पोचवणाऱ्या पेशी दाटीवाटीने असतात, त्यामुळे एवढ्याशा मात्रेचे दोन डोस एका पूर्ण डोसापेक्षा सरस ठरतात. दीड आणि साडेतीन महिन्यांना ते दोन आधीपासून होते. तिसरा जोडायचा ठरला तेव्हा तो सहाव्या महिन्यात न देता नवव्यात ठेवला. बाळ त्या दिवशी गोवरासाठी येणारच असतं, आणि जांघा-काखांतल्या पेशींना मधे साडेपाच महिने निवांत मिळालेले असतात. २०२३ आधी छापलेल्या कार्डांवर ही चौकट नाही. तशी कार्डं ज्यांच्या कपाटात आहेत त्यांची मुलं आता शाळेत जाऊ लागली असतील. त्यांच्या डीपीटीच्या (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) पाच वर्षांच्या रकान्यात तारीख पडली आहे का, ते एकदा उघडून पाहायला हरकत नाही.